'आम्ही', 'आपण' आणि 'नावु'

आमच्या महाविद्यालयाच्या भाषा मंडळाची यंदाची व्याख्याने लिपी, म्हणी, पत्रलेखन अशा विषयांवर झाली. त्यांत मला सर्वनामांवरचे व्याख्यान सर्वांत मोलाचे वाटले.

मराठीत ऐकणाऱ्याला वगळायचे तर 'आम्ही', सामील करून घ्यायचे तर 'आपण'. 'आम्ही जेवणार' म्हटले की समोरचा उपाशी; 'आपण जेवू' म्हटले की त्याचेही पान वाढावे लागते! हिंदीत दोन्हींना 'हम' चालते. मराठीतील हा भेद अनेक भाषाशास्त्रज्ञ द्राविडी भाषांच्या सहवासाशी जोडतात. तेलुगूत 'मेमु' व 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ्' व 'नाम्' अशा जोड्या आजही आहेत. गंमत अशी, की आपल्या शेजारच्या आजच्या कन्नडात मात्र दोन्हींसाठी 'नावु' हा एकच शब्द पुरतो. म्हणून एखादा कन्नड मित्र मराठीत 'आम्ही सिनेमाला जाऊ' म्हणतो आणि आपण रुसतो. वास्तविक त्याने बोलावलेलेच असते.

मंडळाच्या कन्नड व्याख्यानांना मराठी विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके होते. मराठी व्याख्यानांना कन्नड विद्यार्थी तितकेच. पुढील वर्षी एकाच विषयावर, एकाच दिवशी, दोन्ही भाषांतील वक्ते बोलवावेत, अशी लेखी सूचना मी चिटणीसांकडे दिली आहे.