दिवा विझत नसेल तर दार बघ

भाचेबुवा, पिकअप घेतलीस, हप्ते सुरू झाले, आता दोन गोष्टी ऐकून ठेव. नारायणगावला टोमॅटो भरायचा आणि पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचं, हा तुझा धंदा. क्रेट चढवताना केबिनची दारं किती वेळा आपटतात त्याला सुमार नाही. म्हणून अशा गाडीत इंजिनाच्या आधी दाराच्या कुरबुरी सुरू होतात, आणि केबिन लाईट विझत नाही ही त्यातली हमखास येणारी.

बारीक दिवा आहे, जळू दे, असं म्हणू नकोस. 10 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर पाऊण अँपिअरच्या वर ओढतो. 24 तासांत 20 अँपिअर-अवर गेले. तुझी बॅटरी 60-65 ची असली आणि दोन-तीन उन्हाळे काढलेली असली, तर शनिवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सेल्फ मारल्यावर नुसती टकटक करते.

पहिलं म्हणजे दिव्याचं बटण बघ. हसू नकोस, निम्म्या गाड्या इथेच बऱ्या होतात. त्याला तीन जागा असतात: कायम चालू, कायम बंद आणि दाराबरोबर. केबिनमध्ये कोंबलेल्या ताडपत्रीचा धक्का लागला की ते चालूवर सरकतं आणि दिवसा उजेडात कुणाच्या लक्षातही येत नाही.

बटण बरोबर असेल तर पुढचं नीट समजून घे. या दिव्याला फ्यूजमधून प्लस कायम मिळत असतो. दाराचा स्विच जोडतो-तोडतो तो निगेटिव्ह, म्हणजे बॉडी अर्थ. दार उघडलं की खांबातला रबरी टोपीचा खुंट बाहेर येतो, आतला कॉन्टॅक्ट बॉडीला जोडला जातो, दिवा लागतो. दार लागलं की खुंट दबतो, दिवा जातो. दोन्ही दारांना स्विच असतील तर कुठलाही एक बिघडला तरी दिवा पेटलेलाच राहतो. आणि त्या स्विचची वायर वाटेत कुठे सोलून पत्र्याला टेकली, तरी तेच. फ्यूज उडत नाही, ठिणगी पडत नाही, दिवा आपला शांतपणे जळत बसतो.

म्हणून बोटाने तपास. एक दार उघड, दुसरं लावून ठेव, खुंट पूर्ण आत दाब. विझला, तर स्विच चांगला आहे, दारच त्याला पुरतं दाबत नाही. दार लटकलं असेल. कडेला धरून वर उचलून बघ, बिजागरीत खेळ असला तर हाताला लगेच कळतं. नाहीतर रबरी टोपी झिजलेली किंवा गायब असेल. खुंटाच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून दार एकदा लाव आणि उघड. पत्र्यावर डाग कुठे उमटला, नीट उमटला की कडेला निसटला, ते दिसेल. टोपी बदलणं किरकोळ काम, बिजागरीचं मात्र गॅरेजवाल्याकडून करून घे.

दाबूनही विझला नाही, तर खुंटाचा स्क्रू काढ आणि स्विच हळूच बाहेर ओढ. वायर काढायच्या आधी तिला दोऱ्याने बांध. ती एकदा खांबाच्या आत पडली की आतलं प्लास्टिक उचकटत बसावं लागतं. वायर काढल्याबरोबर दिवा गेला, तर तोच स्विच खराब. नाही गेला, तर दुसऱ्या दाराचाही तसाच काढून बघ. बऱ्याचदा आत धूळ आणि चिखल साचून खुंट अडकलेला असतो. जुन्या टूथब्रशने पेट्रोल लावून धू, वाळू दे, पातळ तेलाचा एक थेंब सोड. ग्रीस भरू नकोस, त्यात धूळ बसते. स्क्रूखाली गंज असेल तर तोही घासून काढ. मात्र त्या गंजाने उलटं होतं, दार उघडूनही दिवा लागत नाही.

दोन्ही स्विच काढूनही दिवा पेटलेला, तर वायर शोध. सुरुवात कर ती नंतर कुणी हात घातलाय तिथून: म्युझिक, रिमोट लॉक, हॉर्न. रिमोट लॉक बसवणारे दाराच्या वायरला टाका मारतात आणि टेप गुंडाळून मोकळे होतात. पहिल्या पावसाळ्यात ती टेप सुटते.

नव्या गाड्यांत खुंट दिसतच नाही, स्विच लॉकच्या आत असतो. तिथे दार उघडं ठेवून लॉकचा खटका स्क्रू ड्रायव्हरने दार लागल्यासारखा दाब. दिवा काही सेकंदांनी मंदावत विझेल, घाई करू नकोस. नाही विझला तर लॉकमध्ये स्प्रे मार, खटका पाच-दहा वेळा चालव. दार लावण्याआधी मात्र हँडल ओढून खटका मोकळा कर. बंद खटक्यावर दार आपटलंस तर दिव्याचं राहील बाजूला आणि लॉकचा खर्च अंगावर येईल.

रस्त्यात असशील आणि वेळ नसेल, तर बटण बंदवर टाक. बटणच खराब असेल तर बल्ब काढून डॅशबोर्डच्या खणात ठेव, फडक्याने धरून, तो चांगलाच तापलेला असतो. फ्यूज काढू नकोस, पुष्कळ गाड्यांत त्याच फ्यूजवर म्युझिक किंवा सेंट्रल लॉक चालतं.

आणि कुणी पाहताक्षणी सगळी वायरिंग बदलायला सांगितली, तर त्याला एवढंच विचार, दोन्ही दारांचे स्विच काढून बघितलेस का? तो गडबडला तर किल्ली मागून घे.