मोबाईलवरील करारनामा



ऊस नोंदीचा करार करताना आपण काय करतो? गट नंबर बरोबर पडला का, क्षेत्र किती लिहिले, लागणीची तारीख कोणती, सोसायटीच्या कर्जाची कपात बिलातून होणार की नाही, एवढे तरी पाहतोच. ज्याला वाचता येत नाही तो शेजाऱ्याकडून वाचून घेतो आणि मगच अंगठा देतो. कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरतानाही तेच. इटियाडोहच्या लाभक्षेत्रात धानवाले पुष्कळ आणि ऊसवाले थोडे. पण फॉर्मवर पीक किंवा क्षेत्र चुकीचे पडले की पुढे किती खेटे घालावे लागतात, हे दोघांनाही ठाऊक आहे.

हाच माणूस मोबाईलवर नवे ॲप घेतो तेव्हा मात्र ‘मान्य आहे’ हे बटण न वाचता दाबतो. वास्तविक तोही करारच आहे. त्याला गोपनीयता धोरण म्हणतात. आपली कोणती माहिती घेणार, कशासाठी घेणार, कोणाला देणार आणि किती दिवस ठेवणार, हे त्यात लिहिलेले असते. निदान असायला पाहिजे.

एका सभासदाला याविषयी विचारले तर तो म्हणाला, “भाऊ, ते वाचाले बसलो त रोवना कोन करल?” त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. पाच-पंचवीस पानांचे इंग्रजी, तेही वकिली, शिकल्यासवरल्यालाही उरकत नाही. म्हणून दोष नुसता बटण दाबणाऱ्यावर ढकलून चालणार नाही. लिहिणाऱ्यावरही तो येतो.

यातले नुकसान कसे होते ते पाहा. माझ्या ओळखीच्या एका घरात खताच्या वेळेस हात अडला, तेव्हा मुलाने मोबाईलवरून पाच हजारांचे कर्ज घेतले. त्या ॲपने फोनमधली सगळ्यांच्या नंबरांची यादी मागितली, याने दिली. हप्ता दहा दिवस लांबला आणि सोयऱ्याधायऱ्यांना, अगदी मुलीच्या सासरी फोन गेले. कर्ज पाच हजारांचे, अब्रू गेली घराची! असे प्रकार देशभर झाले, म्हणून २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासंबंधी सूचना काढल्या. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील नंबरांची यादी, फोन केल्याची नोंद, फोटो व फायली यांना हात लावू नये. ओळख पटविण्यापुरता कॅमेरा किंवा ठिकाण एकदाच, आणि तेही स्पष्ट संमतीने वापरावे, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा कर्जाचे ॲप नंबरांची यादी मागू लागले, तर तिथेच थांबावे.

याचा अर्थ प्रत्येक परवानगी वाईट असा नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तिचे ॲप आपण कुठे उभे आहोत हे विचारते. विचारणारच! बांधावर उभे राहून फोटो काढला की घरी बसून, हे त्याशिवाय कळणार कसे? मागणी आणि काम यांचा मेळ बसतो की नाही, एवढे पाहायचे.

आता व्यवसायाची बाजू. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपले धोरण बदलले. बदल मुख्यतः दुकाने व कंपन्यांशी होणाऱ्या संदेशांबाबत होता. घरगुती बोलणे पूर्वीसारखेच बंद लिफाफ्यात राहणार होते. पण मजकूर असा, की मान्य करा नाही तर वापर बंद. लोक घाबरले, लाखो लोक दुसऱ्या ॲपकडे वळले. कंपनीला वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन खुलासा करावा लागला, आणि ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत ढकलावी लागली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच धोरणावरून तिच्या मालक कंपनीस २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. प्रकरण अपिलात गेले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, मग आपल्यासारख्या संस्थेने किती जपावे!

कायदाही आता आला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले; मुख्य बंधनांसाठी नियमांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. संमती मागताना भाषा साधी व स्पष्ट पाहिजे, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय पाहिजे. मराठी त्या बावीस भाषांत आहेच. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, हेही कायद्यात आहे.

कारखान्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. आहे, आणि ते थेट उसाशी आहे. माहितीचे पुढे काय होणार हे न कळल्यामुळे सभासद स्वतःचा नंबर देत नाही, भाच्याचा देतो, भाचा नागपूरला. तोडणीचा निरोप तिकडे जातो, टोळी बांधावर येऊन परत फिरते, आणि पक्व ऊस उन्हात वजन घटवीत उभा. नुकसान शेतकऱ्याचे आणि गाळपाचेही.

तेव्हा कोणत्याही कारखान्याने नोंदीचे ॲप काढले तर आरंभीच असे चार शब्द असावेत: “तुमचा मोबाईल नंबर तोडणीचा निरोप देण्यासाठी घेतो. बँक खाते उसाचे बिल जमा करण्यासाठी. शेताचे ठिकाण प्लॉट मोजण्यासाठी. यापैकी काहीही खतवाल्या, बियाणेवाल्या किंवा विमा कंपनीस तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही. तक्रार शेतकी अधिकाऱ्याकडे करावी.” एवढे लिहायला वकील लागत नाही. मात्र जे लिहिले ते पाळावे लागते, आणि खरी अडचण तिथेच असते.

ज्यांनी पूर्वीच बटणे दाबली आहेत त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘परवानग्या’ उघडाव्यात. कोणत्या ॲपला काय दिले ते तिथे दिसते, आणि नको ते बंद करता येते. परंतु एकदा नेलेली यादी बटण बंद केल्याने परत येत नाही. ती पुसून टाकावी असे त्या कंपनीला लेखी कळवावे, आणि पाठविलेल्या अर्जाची प्रत, पाणीपट्टीची पावती ठेवतो तशी, जपून ठेवावी.