स्वच्छ इंधन व स्वच्छ वाहन : जमा आणि खर्च

(इयत्ता ६ वी व ७ वी. विषय : सामान्य विज्ञान. तासिका : दोन.)

उद्देश : धूर न करणाऱ्या इंधनाचे व वाहनाचे लाभ विद्यार्थ्यांस समजावेत, आणि त्या लाभासाठी काय द्यावे लागते व धोका कोठे असतो, हे त्यांनी स्वतः शोधण्यास शिकावे.

प्रस्तावना : नव्या साधनाची स्तुती केली म्हणजे पाठ झाला, असे नव्हे. जे स्वच्छ ते निर्धोक, अशी मुलांची सहज समजूत होते आणि हीच समजूत पुढे घात करते. यास्तव शिक्षकाने फळ्यावर 'जमा' व 'खर्च' असे दोन रकाने आखावेत. प्रत्येक साधनाची नोंद दोन्ही रकान्यांत झाल्यावाचून पुढे जाऊ नये.

१. गोबरवायू. शेण व पाणी यांचा काला हवाबंद टाकीत कुजला म्हणजे मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या टोपीचे संयंत्र सिद्ध केले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगावी नेले.

जमेच्या बाजूस काय येते? चुलीचा धूर जातो, आईचे डोळे व छाती वाचते, सरपणाची वणवण टळते. शिवाय शेणाची गोवरी जाळली तर खत नष्ट होते. संयंत्रातून बाहेर पडणारी मळी मात्र शेतास मिळते.

आता खर्च मांडावा. एका मोठ्या जनावरापासून दररोज सुमारे १० किलो शेण मिळते. २ घनमीटर संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे व तितकेच पाणी लागते. ५० लिटर म्हणजे तीन-चार हंडे पाणी. ज्या गावी उन्हाळ्यात टँकर येतो, तेथे हे पाणी कोण व कोठून आणणार, हा प्रश्न मुलांनीच सोडवावा. टाकीस गळती असेल तर मिथेन वाया जातो, इतकेच नव्हे, तर वातावरण तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडाहून कितीतरी पट अधिक प्रभावी असतो.

सर्वांत मोठा धोका जीविताचा आहे. टाकीत प्राणवायू नसतो. सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइडही असतो. त्याचे प्रमाण वाढले म्हणजे नाक बधिर होते व वास येईनासा होतो. म्हणून वास नाही, तर धोका नाही, असे कधीही मानू नये. रिकामी दिसणारी टाकीही तशीच घातक असते. आत पडलेल्यास काढण्यासाठी उतरलेला दुसराही प्राणास मुकतो, असे अपघात देशात वारंवार घडलेले आहेत. "आत उतरावयाचे नाही, ओरडून मोठ्यांना बोलवावयाचे," हे वाक्य प्रत्येक मुलाकडून वदवून घ्यावे.

२. विजेवरील वाहन. राज्य परिवहन महामंडळाची विजेवर चालणारी 'शिवाई' बस १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर सुरू झाली. अशा गाडीस धुराडे नसते व आवाज कमी असतो. डिझेल इंजिनात निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर तिचा फार मोठा भाग चाकापर्यंत पोचविते. ही झाली जमा.

परंतु वीज आली कोठून? कोयनेच्या पाण्यापासून व सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांपासून ती मिळते, हे खरे. तथापि राज्याच्या विजेचा मोठा वाटा चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येतो. धूर गावातून गेला, पण तो पुरता नाहीसा झाला नाही. कोयनेची वीजही फुकट नव्हे. तिच्या जलाशयासाठी अनेक कुटुंबांनी घरे व शेते सोडली.

वाहनाच्या बॅटरीविषयी सूचना स्पष्ट द्याव्यात. दुचाकी कडब्याच्या गंजीजवळ किंवा निजण्याच्या खोलीच्या दाराशी चार्ज करू नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. जुनी बॅटरी मुलांनी फोडू नये. शिशाच्या बॅटरीतील शिसे बालकांच्या मेंदूस अपाय करते.

३. सायकल. इंधन नाही, धूर नाही, शरीरास व्यायाम. तरीही खर्चाचा रकाना कोरा राहत नाही. अंधारात दिवा नसलेली सायकल व भरधाव मालमोटार यांची गाठ पडू नये, यासाठी मागे लाल परावर्तक हवा व रस्त्याची डावी बाजू सोडू नये.

समारोप : खर्च दिसला म्हणून साधन टाकून द्यावे, असा निष्कर्ष मुलांनी काढू नये. चुलीचा धूर व डिझेलचा धूर यांचाही खर्च असतो. तो सवयीचा झाल्याने नजरेत भरत नाही, इतकेच. तुलना नेहमी दोन्ही हिशेबांची करावी.

प्रश्न :
१. तीन जनावरे असलेल्या घरी २ घनमीटर संयंत्र पुरेसे चालेल काय? गणित मांडून सांगा.
२. टाकीत वास येत नसतानाही धोका का असतो?

गृहपाठ : आपल्या घरचे एक इंधन व एक वाहन घेऊन वडीलधाऱ्यांच्या मदतीने जमा-खर्च लिहून आणावा. दुसऱ्या तासिकेस तो वर्गात वाचून घ्यावा. ज्याचा 'खर्च' रकाना कोरा असेल, त्यास वर्गाने प्रश्न विचारावेत.