शेताची वही

दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. त्यांच्या नावाने २००४ साली सरकारी योजना निघाली. अनुसूचित जाती व नवबौद्धांतील गरीब भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन, अशी ती योजना. शिर्डीजवळ बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे शेतीचे शिक्षण मिळते.

पण जमीन राखायची तर हिशेब हवा. एक उदाहरण करू.

पेरू विकून आले ६,००० रुपये.
खत-औषध १,९००.
तोडणी, गाडीभाडे, हमाली २,१००.
उरले २,०००.

हा सगळा नफा का? नाही. घरच्या माणसांची मजुरी १,५०० धरा. खरा नफा ५००.

पुष्कळजण आम्हांला म्हणतात, “गुरुजी, हिशेब ध्यानात असतो.” बाबांनो, ध्यानातला हिशेब सावकारापुढे टिकत नाही. कागदावरचा टिकतो. तुम्हांला आता लिहिता येते. आजच वही करा.