आरडीएफ संग्रहातील शब्दशोध : सूचीची रचना

आरडीएफ पद्धतीच्या संग्रहात प्रत्येक माहिती विषय, संबंध आणि मूल्य अशा तीन अंगांच्या विधानाने नोंदविली जाते. 'अमुक सनद – शीर्षक – बेळगांव येथील इनाम जमीन' हे असे एक विधान होय. नेमके मूल्य ठाऊक असल्यास 'स्पार्कल' ही प्रश्नभाषा ते तत्काळ काढून देते; परंतु मजकुरातील एखादाच शब्द शोधावयाचा झाल्यास मजकुरामागून मजकूर तपासावा लागतो. म्हणून संग्रहालगत शब्दांची स्वतंत्र सूची ठेवतात. 'अपाचे जेना' या मुक्त प्रणालीत हे कार्य 'ल्युसीन' करते.

रचनेच्या फाइलमध्ये चार बाबी नमूद कराव्या लागतात : मूळ संग्रह, सूचीची जागा, सूचीत घ्यावयाचे संबंध आणि मजकुराचे शब्द पाडणारा विश्लेषक. पहिल्या दोन सोप्या आहेत. खरी कसोटी पुढील दोहोंत लागते. केवळ शीर्षकेच सूचीत घेतल्यास पर्यायी नावे व टिपणे शोधाबाहेर राहतात.

मराठी दप्तरांची अडचण निराळी आहे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले; त्यामुळे जुन्या कागदांत 'बेळगांव', तर नव्यांत 'बेळगाव' आढळते. 2014 मध्ये शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. सर्वसाधारण विश्लेषकाच्या लेखी हे तीन निरनिराळे शब्द होत. अनुस्वार सरसकट गाळणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास 'वंश' आणि 'वश' एकच ठरतील. तिन्ही रूपे पर्यायी नावे म्हणून नोंदवून तो संबंध सूचीत घेणे अधिक सुरक्षित होय. विभक्तीच्या रूपांसाठी शब्दाच्या स्थिर भागापुढे तारांकन द्यावे. 'घोड' या भागापुढे ते दिल्यास 'घोडा' व 'घोड्यास' ही दोन्ही रूपे सापडतात.

आणखी तीन दक्षता आवश्यक आहेत. सूची नंतर जोडली असल्यास, अथवा सूचीला वगळून माहिती थेट मूळ संग्रहात भरली असल्यास, जुनी विधाने आपोआप सूचीत येत नाहीत. त्यासाठी सूचिकार आज्ञावली स्वतंत्रपणे चालवावी लागते. विश्लेषक बदलल्यास संपूर्ण सूची नव्याने बांधावी. तसेच 'यूआयडी' क्षेत्र नमूद केले नसल्यास पुसलेल्या विधानांचे शब्द सूचीत तसेच उरतात.

वारसा सिद्ध करण्यासाठी सनद शोधणाऱ्या नागरिकास 'नोंद नाही' असे उत्तर मिळाले, तर ती दप्तरात असूनही त्याच्या उपयोगी पडत नाही. यास्तव संग्रह खुला करण्यापूर्वी माहीत असलेल्या काही नोंदी जुन्या-नव्या दोन्ही लेखनांनी शोधून पाहाव्यात.