काकूंची सही मी घेतली

फॉर्मवर एक ओळ कोरी होती. 'मिळणारे क्षेत्रफळ' एवढंच छापलेलं आणि पुढे नुसती टिंबं. काकूंनी चष्मा सारखा करत विचारलं, "इथं काही लिहिलं नाही गं?" मी म्हणाले, "ते नंतर भरतात. तुम्ही करा सही, सगळ्यांनी केलीय." सगळ्यांनी केली नव्हती. वीस सभासदांपैकी तोवर सात जणांची झाली होती. काकूंची आठवी.

आमची इमारत खोपोली स्टेशनाजवळ. तळमजला अधिक तीन मजले, 16 घरं, 4 दुकानं, चाळीस वर्षांचं बांधकाम. घाटाच्या पायथ्याला पाऊस कसा कोसळतो ते इथल्यांना सांगायला नको. जून लागला की गच्चीवर निळं प्लास्टिक आणि जिन्यात बादल्या. मी सोसायटीची खजिनदार; दरवर्षी दुरुस्तीची वर्गणी मागून थकले होते. त्यामुळे पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तेव्हा सुटलो एकदाचे, असं वाटलं.

त्यात पनवेल–कर्जत उपनगरी मार्गाचं काम सुरू झालेलं. 29.6 किलोमीटरचा हा मार्ग चिखले, मोहोपे, चौक करत कर्जतला येतो. खोपोलीला तो शिवतही नाही. तरी दलाल मंडळी त्याच्या नावावर इथल्या जागांचे भाव सांगत होती. रेल्वेच्या आशेवर जगायची आमच्या गावाला जुनी सवय आहे. 1856 मध्ये इथं गाडी आली आणि 1863 मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला होईपर्यंत रूळ इथंच संपत होते. त्यानंतर मुख्य मार्ग पळसदरीवरून वर गेला आणि आमच्या वाट्याला फाटा राहिला.

शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र मी तेव्हा नीट ऐकलं नाही. खालचे किराणावाले म्हणाले, "पहिल्या लोकलचं गिऱ्हाईक आमचं. दोन वर्षं दुसऱ्या दुकानात गेलं की परत येत नाही." मला ती रडगाणी वाटली. मुंबईला रोज लोकलने जाणाऱ्या तरुणाला लिफ्ट आणि पार्किंग हवं होतं, त्याने लगेच सही केली. पुण्यात राहणाऱ्या दोघांनी फोनवरच होकार कळवला. समोरच्या बैठ्या घरातली माणसं विचारत होती, सात मजले उभे राहिले तर आमच्या अंगणात ऊन कुठून येणार आणि सांडपाणी कुणीकडे जाणार. भाडेकरूंना कुणी काही विचारलंच नाही. आणि काकू, गुडघ्यांनी बेजार, एकट्या, त्यांचा एकच प्रश्न होता: "मधल्या काळात मी जाऊ कुठे?"

हे सगळं जिन्यात बोललं गेलं, बैठकीच्या इतिवृत्तात त्यातला एक शब्द नाही. तिथेच आम्ही चुकलो.

आज मागे वळून पाहते तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. भराभर सह्या करणाऱ्या प्रत्येकाकडे दुसरं छप्पर होतं. माझं सासर कुंभिवलीचं. गावात घर, अंगण, पडवी. इमारत उद्या पाडली असती तरी माझी चूल पेटणार होती. काकूंच्या डोक्यावर तेवढं एकच छत. माझ्या घाईची किंमत त्यांनी मोजली.

"इमारत धोकादायक आहे, पावसाआधी सोडा" असा तगादा लागला आणि काकूंसह चार कुटुंबं बाहेर पडली. परवानग्या यायच्या होत्या. विकासकाने आठ महिने भाडं दिलं, मग बंद केलं. तोवर रिकाम्या घरांची दारं-खिडक्या निघाल्या होत्या, मीटर कापले गेले होते. काम का अडलं? जमीन सोसायटीच्या नावावरच नव्हती. सातबाऱ्यावर मूळ मालकाच्या वारसांची नावं होती, आणि त्यांना आता हिस्सा हवा होता. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. त्यासाठी साधा अर्जही गेला नव्हता.

काकू 14 महिने आमच्या कुंभिवलीच्या घरी, पडवीलगतच्या खोलीत राहिल्या. एकदाही मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या इमारतीत हा विषय निघाला असेल तर आधी जमिनीचा कागद काढा, विकासकाचं माहितीपत्रक नंतर. सातबारा किंवा मिळकत पत्रिका कुणाच्या नावावर आहे ते बघा. 1963 च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकी कायद्याखालच्या नियमांनुसार सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) करून द्यायचं असतं. तुमचं झालं नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करता येतो. वेळ जातो, चिकाटी लागते, पण त्याशिवाय तुम्ही वाटाघाटीला बसता ते दुसऱ्याच्या जमिनीवर.

दुसरं, फीत घेऊन स्वतः घर मोजा. काकूंच्या करारनाम्यात 400 चौरस फूट बिल्टअप लिहिलं होतं. 35 टक्के जादा मिळणार म्हणजे 540, असा त्यांचा हिशेब. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत फीत लावली, तेव्हा कार्पेट भरलं 320. त्यावर 35 टक्के म्हणजे 432. शंभरावर चौरस फुटांचा फरक, आणि तो फॉर्मवरच्या त्या टिंबांमध्ये दडलेला. कार्पेटचा आकडा कागदावर आल्याशिवाय पेनाचं टोपण काढू नका.

दारोदार फिरून गोळा केलेल्या सह्या म्हणजे सोसायटीचा निर्णय नव्हे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79(अ) खाली 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे, तो मराठीत आहे, प्रत काढून वाचा. आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा, त्याचा व्यवहार्यता अहवाल घ्यायचा, मग निविदा. विकासक निवडायच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, निबंधक कार्यालयाचा अधिकारी आणि चित्रीकरण हवं. विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक हमी घ्यायची असते. आम्ही ती मागितली असती तर भाडं थांबल्यावर हातात काहीतरी असतं. त्याचे आधीचे प्रकल्प आणि त्यांना मिळालेल्या मुदतवाढी महारेराच्या संकेतस्थळावर दिसतात. आणि सगळ्या परवानग्या हातात पडेपर्यंत घराची किल्ली देऊ नका, कुणी कितीही भीती घातली तरी.

दुकानदार, भाडेकरू, समोरचे शेजारी यांचं म्हणणं इतिवृत्तात उतरवा. विरोध करणारा माणूस प्रगतीच्या आड येतोय असं मी तेव्हा म्हटलं होतं. किराणावाल्यांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "जागा आपल्या नावावर आहे ना?"

गच्ची आम्ही वर्गणी काढून दुरुस्त केली. काकूंच्या घराला दारं बसली, मीटर आला, त्या परत गेल्या. मागच्या महिन्यात मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जाची तयारी झाली. तो अलिबागला, जिल्हा उपनिबंधकांकडे द्यायचा होता. कागदांवर सह्या घ्यायला मीच घरोघर गेले. काकूंनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि म्हणाल्या, "ठेवून जा. वाचून देते." त्यांनी दोन दिवस घेतले. मी थांबले.