हाडांचा ठिसूळपणा : पहिले फ्रॅक्चर हीच सूचना



विहारात नियमित येणारी एखादी वयस्क उपासिका न्हाणीघरात घसरते, मनगट मोडते. प्लास्टर निघाले की घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ परंतु चालताना साधे पडून हाड मोडणे हे उतारवयात बहुधा ऑस्टिओपोरोसिसचे लक्षण असते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज भरून निघत नाही. दुखत नसल्याने ते कळतही नाही. एका फ्रॅक्चरनंतर दुसऱ्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. ते खुब्याचे असल्यास अनेकजणी कायमच्या परावलंबी होतात.

म्हणून कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, उपचार कोठेही घ्या. प्लास्टर काढताना डॉक्टरांना विचारा : हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करावी का? औषध लागेल का? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास तो ऑस्टिओपोरोसिस होय.

घरी न्हाणीघर कोरडे व रात्री दिवा चालू ठेवावा. रोज चालावे, उन्हात बसावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली. आपण आपल्या आईसाठी निदान एवढे विचारूया.

जय भीम!